कोजागिरीला स्वप्नांची गाणी? करा की, पण किस्से तपासून

इंदिरानगरच्या एका ताईंनी विचारलंय, की त्यांच्या सोसायटीत यंदा कोजागिरीला 'स्वप्न' हा विषय धरून दोन तासांचा गाण्यांचा कार्यक्रम करायचाय, गाणारे सगळे हौशी, कराओके ट्रॅकवर गाणार, तर गाणी कोणती घ्यावीत, निवेदनात सांगायला त्यांच्यामागचे खरे किस्से कोणते, आणि जाता जाता एक बारीकसा प्रश्न, की गाणं खरंच स्वप्नात सुचतं का हो?

ताई, मी नाशकात तीसेक वर्षं ऑर्केस्ट्रात कीबोर्ड वाजवतोय. लग्नं झाली, गणपती झाले, कालिदास नाट्यगृहात झाले तसे कार्यक्रम भर उन्हात मंगल कार्यालयाच्या पत्र्याखालीपण झाले, आणि निवेदक आयत्या वेळी आला नाही की माइकसुद्धा माझ्याच हातात. त्यामुळे किस्से भरपूर ऐकलेत, भरपूर सांगितलेत, आणि त्यातले काही चुकीचे सांगून तोंडावर आपटलोय पण, ते पुढे येईलच.

आधी गंमत बघा, कोजागिरी म्हणजे जागायची रात्र, कोण जागं आहे असं विचारत लक्ष्मी फिरते म्हणतात, आणि तुम्ही नेमकी त्याच रात्री झोपेतली गाणी घेताय. निवेदनाची पहिली ओळ तुम्हाला इथेच फुकट मिळाली.

आता शेवटचा प्रश्न आधी घेतो कारण खरी मजा त्यात आहे. सुचतं. पण किती सुचतं ते विचारा. मला जेवढे खात्रीचे किस्से माहितीयत त्या सगळ्यांत स्वप्नात मिळालंय ते चिमूटभर, कुठे नुसती चाल, कुठे एक तुकडा, कुठे दोनच शब्द, आणि बाकीचं सगळं उठून, तोंड धुऊन, दिवसचे दिवस घासून केलेलं.

सगळ्यात गाजलेलं उदाहरण बीटल्सवाल्या पॉल मॅकार्टनीचं 'यस्टरडे'. लंडनमध्ये विम्पोल स्ट्रीटला मैत्रिणीच्या आईवडलांच्या घरी तो राहायचा, तिथे एका सकाळी जाग आली ती डोक्यात अख्खी चाल घेऊनच, शेजारीच पियानो होता, बसला आणि वाजवली. इथपर्यंत सगळे सांगतात. पण मला पुढचं जास्त आवडतं, की त्याला वाटलं ही चाल आपली नाहीच, कुठेतरी ऐकलेली असणार, म्हणून महिनाभर तो भेटेल त्याला वाजवून दाखवत विचारत फिरला की हे कुठलं गाणं आहे, कोणाचं आहे, आणि कोणीच हक्क सांगायला आलं नाही तेव्हा म्हणाला चला, आपलंच दिसतंय. शब्द तर नव्हतेच. चाल विसरू नये म्हणून त्याने काय घातलं असेल, 'स्क्रॅम्बल्ड एग्ज', म्हणजे आपली अंड्याची भुर्जीच म्हणा. कित्येक महिने ते गाणं भुर्जी म्हणूनच ओळखलं जात होतं, खरे शब्द झाले मे १९६५ मध्ये, पोर्तुगालच्या ट्रिपमध्ये. १४ जून १९६५ ला रेकॉर्डिंग, गिटार एक सूर उतरवून लावलेली, बीटल्समधला दुसरा कोणीही त्यात वाजवत नाही, आणि त्याच दिवशी त्याच माणसाने घसा फाडून ओरडायचं 'आय एम डाउन' पण रेकॉर्ड केलंय, आमच्यातला कोणी असता तर दुसऱ्या दिवशी गरम पाण्याच्या गुळण्या करत बसला असता. नंतर बीटल्सचा निर्माता जॉर्ज मार्टिनच्या सांगण्यावरून चार तंतुवाद्यं घातली तेव्हा पॉलची अट एकच, की व्हायब्रॅटो नको, सूर सरळ ठेवा. म्हणजे स्वप्नात मिळालं एका सकाळी आणि गाणं उभं राहायला मध्ये एवढा सगळा व्याप. गिनीजवाल्यांनी १९८६ पर्यंतच या गाण्याच्या १६०० वर आवृत्त्या मोजल्या होत्या.

डमी शब्दांचं हे काही साहेबांचंच नाही बरं का, आपल्याकडे रोजचं आहे. 'तेजाब'चं (१९८८) 'एक दो तीन' हे संगीतकार लक्ष्मीकांतजींनी चाल सांगताना नुसते आकडे म्हटलेले, जावेद अख्तर म्हणाले आकडेच राहू द्या. स्वप्नाशी त्याचा संबंध नाही, पण निवेदनात भुर्जीनंतर हे टाकलंत तर लोक हसतात, अनुभव आहे.

आता माझं स्वप्न सांगतो. सात-आठ वर्षं झाली असतील, पहाटे झोपेत एक चाल ऐकू आली, काय गोड चाल हो, एकदम सरळ, कोणाच्याही ओठावर बसेल अशी. पॉलचा किस्सा तेव्हा नुकताच वाचलेला, त्यामुळे मी अंधारात चाचपडत मोबाईल उचलला, रेकॉर्डर लावला, गुणगुणलो, परत झोपलो. सकाळी उठून ऐकतोय तर अर्धा पंख्याचा आवाज, अर्धं माझं हूं हूं, पण चाल समजत होती. पेटी काढली, काळी एकमध्ये बसवायला घेतली, आणि मुखडा होतोय न होतोय तोच स्वयंपाकघरातून बायको म्हणाली, अहो घंटागाडीचं गाणं काय वाजवताय सकाळी सकाळी, कचरा गेला का खाली? गल्लीत रोज पहाटे येणारी घंटागाडी झोपेत माझ्या कानात शिरली होती आणि माझ्या डोक्याने ती मलाच नवी म्हणून विकली. तेव्हापासून पॉलच्या त्या महिनाभर विचारत फिरण्याचा मला फार आदर आहे. आपल्या डोक्यात जुनी गाणी एवढी साठलेली असतात की झोपेत कुठली पुडी सुटेल सांगता येत नाही.

आणि रेकॉर्डर उशाशी ठेवायचा हा सल्ला काही माझा नाही, तो रोलिंग स्टोन्सच्या कीथ रिचर्ड्सचा. १९६५ चीच गोष्ट. रात्री कधीतरी अर्धवट झोपेत त्याने गिटारवर एक तुकडा वाजवला, उशाशी कॅसेट रेकॉर्डर होता त्यावर तो उतरला, आणि सकाळी त्याला काहीच आठवत नव्हतं. टेप शेवटपर्यंत गेलेली दिसली म्हणून मागे घेऊन ऐकली तर दोनेक मिनिटं 'सॅटिस्फॅक्शन'चा तो तुकडा आणि पुढे चाळीस मिनिटं घोरणं. रेकॉर्ड झालं तेव्हा त्याने तो तुकडा फझ पेडलवर, म्हणजे गिटारचा आवाज फाटका करणाऱ्या पेडलवर, वाजवला तोसुद्धा नंतर तिथे ब्रास घालू या हिशोबाने, जागा धरून ठेवायला म्हणून, आणि तसाच बाजारात गेला. जगातले सगळे गिटारवाले आज ज्या आवाजासाठी पेडल घेतात तो असा, कच्चा राहिलेला. तुमच्या कार्यक्रमात हे गाणं नका घेऊ, कोणाला झेपणार नाही, किस्सा मात्र घ्या.

पॉलचंच 'लेट इट बी' वेगळ्या जातीचं. त्याची आई मेरी ती १९५६ मध्ये कॅन्सरने गेली, हा चौदा वर्षांचा. पुढे बीटल्सची आपसात भांडणं सुरू झाली त्या दिवसांत ती स्वप्नात आली आणि काळजी करू नकोस, होईल सगळं, अशा अर्थाचं बोलून गेली. गाण्यातली मदर मेरी ती ही. लोक येशूची आई समजतात आणि नाताळाच्या कार्यक्रमात प्रार्थना म्हणून गातात, मी स्वतः नाशिकरोडला नाताळात वाजवलंय. पॉलचीही त्याला हरकत नाही, ज्याला जे घ्यायचं ते घ्या म्हणतो. इथे बघा, स्वप्नात चाल नाही मिळाली, नुसता धीर मिळाला. गाणं त्यानंतरचं.

आणि हे वाचलं की मला दरवेळी तुकोबा आठवतात, कारण स्वप्नातून आलेल्या रचनेचा आपल्याकडचा सगळ्यात मोठा दाखला त्यांचाच, आणि तोही त्यांनीच लिहून ठेवलेला. 'नामदेवें केलें स्वप्नामाजी जागें, सवें पांडुरंगें येऊनियां.' शब्द नीट वाचा, स्वप्नामाजी जागें. स्वप्नात जागं केलं! कोजागिरीला याच्यापेक्षा चांगली सुरुवात सापडणार नाही तुम्हाला. नामदेवांनी विठ्ठलाला घेऊन यावं आणि काय सांगावं, तर कवित्व कर, निमित्तं सांगू नकोस, मी शतकोटी अभंगांचा संकल्प केला होता त्यातले जे उरलेत ते तू पुरे कर. थापटोनि केलें सावधान, असंही म्हणतात तुकोबा, म्हणजे पाठीवर थापटी मारून. आता यात एक तरी अभंग स्वप्नात मिळाला का? नाही. काम मिळालं. उधारी मिळाली म्हणा ना. तो सगळा गाथा तुकोबांनी जागेपणी लिहिलाय. मला तर वाटतं जगातल्या सगळ्या स्वप्नातल्या गाण्यांचा किस्सा या एका अभंगात येऊन गेलाय, मॅकार्टनीच्या तीनशे वर्षं आधी.

तुकोबांना गुरूचा मंत्रही स्वप्नातच मिळाला, 'रामकृष्णहरी', माघ शुद्ध दशमी गुरुवारी, हे तिथीवारासकट त्यांनी सांगितलंय. पुढे कोल्हापुरात राहणाऱ्या बहिणाबाईंना, म्हणजे शिऊरच्या संत बहिणाबाई, खानदेशातल्या चौधरी नव्हेत, ही गल्लत स्टेजवर फार होते, त्यांना तुकोबांनी स्वप्नात येऊन उपदेश केला, त्याआधी प्रत्यक्ष भेटसुद्धा नव्हती. हे सगळं दोन मिनिटांत सांगून होतं. वर एखाद्या भजनी मंडळातल्या आजींना टाळ देऊन तो अभंग म्हणायला लावा, ट्रॅक नको, तंबोऱ्याचं ॲप लावा बास.

आता हिंदीकडे. इथे स्वप्नाचा मामलाच वेगळा कारण सिनेमातलं स्वप्न म्हणजे सुतार, रंगारी आणि लाइटवाल्यांचं काम. त्यात सगळ्यांचा बाप 'आवारा' (१९५१). नऊएक मिनिटांचा तो स्वप्नाचा भाग चित्रित करायला तीन महिने लागले. कलादिग्दर्शन एम. आर. आचरेकरांचं, आपले मराठी चित्रकार, कॅमेरा राधू कर्माकरांचा. ढगात चढत गेलेल्या पायऱ्या, त्यावरून उतरणारी नर्गिस, 'तेरे बिना आग ये चांदनी', मग खाली नरक, ज्वाळा, राज कपूर ओरडतोय मला हा नरक नको, तिथे मन्ना डेंचा आवाज, आणि मग ती प्रचंड त्रिमूर्ती दिसते आणि लता सुरू होते, 'घर आया मेरा परदेसी'. सगळं ब्लॅक अँड व्हाइटमध्ये. हिरोच्या मनात जे चाललंय, प्रेम एका बाजूला, जग्गा डाकूची गुन्हेगारी एका बाजूला, ते एक शब्द संवाद न लिहिता दाखवलंय, म्हणून ते स्वप्न कथेत बसतं. नंतर आलेल्या सिनेमांनी फक्त पायऱ्या आणि धूर उचलला, कथा नाही उचलली.

'घर आया मेरा परदेसी'ची चाल शंकर-जयकिशनची पण तिचं मूळ इजिप्तच्या गायिका ओम कुलसुम यांच्या 'अला बलद अल महबूब' मध्ये आहे, ऐकलंत तर लगेच कळतं. कोणी उभं राहून चोरीची चाल म्हणालं तर चिडू नका, पुढचं ऐकवा, ते म्हणजे ढोलक. ती लाला गंगावणे यांची, मराठी माणूस. त्या गाण्यात मुखडा सुरू व्हायच्या आधी ढोलक बोलायला लागते ना तिथेच इजिप्त संपतं आणि आपला मुलूख सुरू होतो. आमच्याकडे एक ढोलकवाले होते, आता नाहीत, ते हे गाणं यादीत असलं की कार्यक्रमाआधी तासभर कोपऱ्यात बसून शाई हाताने गरम करत राहायचे, चहासुद्धा घ्यायचे नाहीत, बोट ओलं नको म्हणून. एकदा नाशकातल्याच एका हॉलमध्ये साउंडवाल्याने ढोलकचा माइक चालूच केला नाही, पहिला तुकडा असाच हवेत गेला, काका थांबले, गायिका थांबली, हॉल थांबला, काकांनी शांतपणे माइकवर टिचकी मारून बघितली आणि परत पहिल्यापासून. टाळ्या पडल्या त्या गाण्याआधीच. तर ताई, ट्रॅकवर म्हणणार असाल तर असा ट्रॅक शोधा ज्यात ढोलक खरी वाजवलेली आहे, कीबोर्डवरच्या ठेक्याचे ट्रॅक फुकट मिळतात पण त्यात ते गाणं म्हणजे मीठ नसलेली मिसळ. आणि पट्टी दोन-तीन सूर खाली उतरवून घ्या, लताबाईंच्या पट्टीत तार सप्तकात गेल्यावर हौशी आवाज फाटतो आणि मग सगळं लक्ष त्या फाटण्याकडे.

'मेरे सपनों की रानी' तुम्ही घेणारच, घेतलंच पाहिजे, सोसायटीतले सगळे काका त्याचसाठी थांबलेले असतात. 'आराधना' (१९६९), एस. डी. बर्मन, आनंद बक्षी, किशोर. किस्सा असा की दार्जिलिंगच्या त्या छोट्या गाडीत शर्मिला टागोर खिडकीशी पुस्तक वाचत बसलीय आणि बाजूच्या रस्त्याने जीपमधून राजेश खन्ना गातोय हे दोघं तिथे एकत्र नव्हतेच! शर्मिला सत्यजित राय यांच्या सिनेमात अडकलेली, तारखा नाहीत, म्हणून जीपचं शूटिंग तिच्याशिवाय झालं आणि तिचा भाग मागाहून स्टुडिओत डबा उभा करून घेतला. म्हणजे तो ज्या सपनों की रानीला हाका मारतोय ती खरोखरच तिथे नाहीये, नुसती कल्पना. हे सांगून मग गाणं लावा आणि लोकांना स्क्रीनवर बघू द्या, सगळे जण दोघं एका फ्रेममध्ये दिसतात का ते शोधत बसतात, काका लोक तर शिट्ट्या मारायच्या विसरतात.

'देखा एक ख्वाब' मध्ये किस्सा थोडका आहे, 'सिलसिला' (१९८१), संगीतकार म्हणून शिव-हरींचा पहिला सिनेमा, गीतकार म्हणून जावेद अख्तरांचाही पहिलाच, आणि ती ट्यूलिपची बाग हॉलंडमधली क्युकेनहॉफची. गाणं द्वंद्वगीत आहे त्यामुळे नवराबायकोच्या जोडीला द्या. बास, पुढे.

माझी फजिती झाली ती 'आनंद'च्या (१९७१) गाण्यावर. 'मैंने तेरे लिए ही सात रंग के सपने चुने'. निवेदक त्या दिवशी आला नव्हता, मी ठोकून दिलं की गीतकार योगेश. कारण 'कहीं दूर जब दिन ढल जाए' योगेशचं, 'ज़िंदगी कैसी है पहेली' योगेशचं, मग हेही त्यांचंच असणार असा माझा हिशोब. मध्यंतरात एक आजोबा काठी टेकत आले, रागावले नाहीत काही नाही, खिशातून चार घड्या घातलेला कागद काढला, त्यावर आमच्या कार्यक्रमाची सगळी गाणी त्यांनी आधीच गीतकार-संगीतकारासकट लिहून आणलेली, आणि त्या ओळीवर बोट ठेवलं, गुलज़ार. म्हणाले, बाकी छान चाललंय. माझं तोंड बघण्यासारखं झालं होतं. मध्यंतरानंतर माइकवर दुरुस्ती केली आणि त्यांना टाळी द्यायला लावली. नाशकात हे होतं हो, इथे प्रत्येक हॉलमध्ये असे दोन-तीन आजोबा-आजी असतातच, वाचनालयात आयुष्य गेलेलं असतं त्यांचं, तुम्ही इंटरनेटवरून उचललेलं काही खपवायला गेलात की धरलंच. म्हणून म्हणतो, किस्सा दोन ठिकाणी तपासल्याशिवाय माइकवर नका आणू, आणि शंका असेल तर गाऊन मोकळे व्हा, गाणं कधी चुकीची माहिती देत नाही.

एखादं उदास गाणं हवं असेल तर नीरज यांचं 'स्वप्न झरे फूल से'. ही आधी कविता, कविसंमेलनांत गाजून गेलेली, सिनेमात नंतर आली, 'नई उमर की नई फसल', संगीत रोशन, आवाज रफी. लोक त्याला 'कारवां गुज़र गया' म्हणूनच ओळखतात. लांब आहे, दोनच कडवी घ्या. नाहीतर दूध आटतं.

मराठीत पहिलं 'स्वप्नात रंगले मी'. जगदीश खेबुडकर, सुधीर फडके, आशाबाई आणि स्वतः बाबूजी गायलेत. सिनेमा 'आम्ही जातो अमुच्या गावा' (१९७२), आणि मजा अशी की हा सिनेमा चोरांचा, तीन चोर एका घरात शिरतात आणि त्या घराचेच होऊन जातात. त्याच सिनेमात 'देहाची तिजोरी' आहे, चोरांच्या सिनेमात तिजोरीचं भक्तिगीत, खेबुडकरांनाच सुचू शकतं. 'स्वप्नात रंगले मी' ऐकायला सोपं वाटतं, पण बाबूजींच्या चाली अशाच फसव्या, शब्द जसा बोलतो तसा सुरात ठेवायचा असतो आणि आपण हौशी लोक तिथे हरकती घालायला जातो. घालू नका. जोडीला आशाबाईंचं 'स्वप्नातल्या कळ्यांनो' ठेवा, त्यातलं म्हणणंच असं की कळ्यांनो उमलूच नका, अपुरं आहे त्यातच गोडी. ज्यांचा श्वास लांब आहे त्यांनीच म्हणावं.

सोसायटीतली पोरं इंग्लिश म्हणणारच असतील तर दोन सुचवतो. फ्लीटवुड मॅकचं 'ड्रीम्स', १९७६ मध्ये बँडमधली सगळी नाती तुटत होती तेव्हा स्टीव्ही निक्सने कॅलिफोर्नियात स्टुडिओच्या शेजारच्या खोलीत बसून दहाएक मिनिटांत लिहिलं, ज्याच्यापासून ती वेगळी होत होती तोच पुढच्या खोलीत गिटार वाजवायला, आणि १९७७ मध्ये ते अमेरिकेत एक नंबरला गेलं. २०२० मध्ये कोणीतरी स्केटबोर्डवर ज्यूस पीत जाताना ते लावलं आणि पोरांना वाटलं नवीनच गाणं आहे. अख्खं गाणं जवळजवळ दोन कॉर्डवर चालतं, गिटार शिकायला लागून महिना झालेलं पोरगंपण वाजवेल, म्हणून सांगतोय. दुसरं एव्हर्ली ब्रदर्सचं 'ऑल आय हॅव टू डू इज ड्रीम', १९५८. लिहिणारा बूडलो ब्रायंट, पंधरा मिनिटांत लिहिलंय म्हणतात. पण किस्सा गाण्याचा नाही, त्याच्या बायकोचा, फेलिसचा. ती मिलवॉकीतल्या एका हॉटेलात लिफ्ट चालवायची, हा तिथे व्हायोलिन वाजवायला आलेला, १९४५ साल, आणि तिने त्याला बघितल्या बघितल्या ओळखलं, कारण आठ वर्षांची असताना हाच चेहरा तिच्या स्वप्नात आला होता असं ती सांगायची. पुढे दोघांनी मिळून आयुष्यभर गाणी लिहिली. तुमच्या कार्यक्रमात पन्नास वर्षं संसार झालेली एखादी जोडी असेल तर हे त्यांच्याकडे बघून सांगा.

'स्वीट ड्रीम्स' नका घेऊ. सगळ्यांना तो ठेका माहितीये पण ते गोड स्वप्नाचं गाणं नाहीच, १९८३ मध्ये बाजारात आलेलं, युरिथमिक्स बँडमधली ती दोघं प्रेमातून वेगळी झालेली, खिशात पैसे नाहीत, आणि जो तो काहीतरी शोधत फिरतोय असं वैतागून लिहिलेलं. त्यात दुधाच्या बाटल्यांत पाणी भरून सूर लावून वाजवल्यात एवढं मात्र कोजागिरीला दूध ढवळता ढवळता सांगण्यासारखं आहे. आणि बीटल्सवाल्या जॉन लेननचं 'नंबर नाइन ड्रीम' मधले ते अगम्य शब्द त्याला स्वप्नातच ऐकू आलेले, अर्थ काही नाही, आणि गाणं अमेरिकेत पोचलं ते बरोबर नऊ नंबरला. पोरांना एवढं पुरे.

आता दोन व्यवहाराच्या गोष्टी. गच्चीवर करणार असाल तर स्पीकर रात्री दहाला बंद, हा नियम लक्षात ठेवून सातला सुरू करा, साडेसातला नाही, कारण आपल्याकडे सातचं सव्वासात होतंच. वीस गाणी ठरवलीत तर चौदा होतात, निवेदन, सत्कार आणि कोणाच्या तरी नातवाचं स्तोत्र धरून. ट्रॅक पेनड्राइव्हवर घ्या, मोबाईलवर नको, ऐन अंतऱ्यात फोन वाजतो. आणि गच्चीला ऑक्टोबरात दव पडतं, मिक्सरवर काहीतरी झाका.

शेवट मात्र नाशिकचाच करा. कुसुमाग्रजांच्या 'विशाखा' मध्ये 'स्वप्नाची समाप्ति' म्हणून कविता आहे, १९४२ चा तो संग्रह, वि. स. खांडेकरांनी स्वतःच्या पदराला खार लावून छापलेला. पहाट होतेय, शुक्रतारा मंद होतोय आणि तो तिला म्हणतो, 'काढ सखे गळ्यातील तुझे चांदण्याचे हात', कारण पलीकडे दिवस येऊन उभा आहे. दहाला पाच कमी असताना सगळे स्पीकर आणि लाइट बंद करा, चंद्र वर आलेलाच असेल, आणि ज्यांचा आवाज बरा आहे अशा कोणीतरी ही कविता माइकशिवाय नुसती वाचायची, चाल नको, मागे पेटी नको. फक्त दूध त्याच्या आधी वाटू नका, स्टीलच्या पेल्यांचा फार आवाज होतो.